मंजुरीची भीती

आमच्या विभागातल्या एका तरुण सहकारी प्राध्यापिकेने गेल्या पावसाळ्यात चहाच्या टपरीवर बोलता बोलता एक वाक्य उच्चारले आणि ते तेव्हापासून माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही. ती मूळची निफाड तालुक्यातली. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा पावसाळी हवेत आतून कसा सडत जातो, त्याचा उग्र, ओलसर वास अंगणभर कसा पसरतो आणि मग घरातल्या बायका दिवसचे दिवस कांदा निवडत कशा बसतात, हे तिने लहानपणापासून पाहिलेले आहे. चाळीच्या निरनिराळ्या थरांत तापमान आणि दमटपणा मोजणारी स्वस्त उपकरणे बसवायची, नोंदी आसपासच्या महाविद्यालयांतल्या मुलांनीच घ्यायच्या आणि त्याच आकड्यांवरून त्यांना संख्याशास्त्र शिकवायचे, अशी तिची कल्पना होती. मला ती मनापासून आवडली. मी म्हणालो, "मॅडम, प्रस्ताव पाठवून द्या. हे नक्की मंजूर होईल." तिने हातातला ग्लास कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "सर, नामंजूर होईल याची नाही हो मला भीती. मंजूर झालं तर काय करायचं, याची वाटते."

तेव्हा आम्ही दोघेही हसलो. गंगापूर रोडवर पावसाची झड आली, टपरीवाल्याने ताडपत्री पुढे ओढली आणि विषय बदलला. घरी जाताना मात्र लक्षात आले की तिने माझे मागचे मार्चअखेर अगदी जवळून, म्हणजे शेजारच्या टेबलावरून पाहिलेले होते आणि तिची भीती त्या टेबलावर बसूनच तयार झालेली होती.

बाहेरून पाहणाऱ्याला अनुदान दिसते ते मंजुरीच्या दिवशी. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्थानिक पुरवणीत चार ओळींची बातमी आणि त्यात लाखांचा एक आकडा. मंजुरीचे पत्र मात्र दोन पानांचे आणि त्याला जोडलेली अटींची यादी त्याहून कितीतरी मोठी असते. पैसा एकच दिसत असला, तरी तो आधीच वाटून आलेला असतो. केंद्राच्या हिशेबात 31 म्हणजे सर्वसाधारण खर्च, 35 म्हणजे भांडवली मत्ता आणि 36 म्हणजे वेतन. या तीन शीर्षांच्या भिंती ओलांडायच्या नसतात. 35 मध्ये लाखभर रुपये शिल्लक असताना 31 मध्ये छपाईचा कागद घ्यायला पैसे नाहीत, ही अवस्था ज्याने अनुभवली नाही त्याला ती विनोदी वाटेल. त्यानंतर स्वतंत्र खाते, पीएफएमएस या केंद्राच्या निधी-व्यवहारांच्या प्रणालीवर संस्थेची नोंद, प्रत्येक विक्रेत्याची नोंद, त्याच्या खात्याची पडताळणी. या प्रणालीत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची असते. व्यवस्था म्हणून हे उत्तमच आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या माणसाचा डिजिटल सहीचा डोंगल त्याच्या कपाटात असतो, कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते आणि ओटीपी ज्या फोनवर येतो, तो फोन मुंबईतल्या बैठकीत मूक अवस्थेत टेबलावर पालथा ठेवलेला असतो. इकडे आम्ही पडद्यावरचा उलटा मोजणारा आकडा पाहत बसतो. तो शून्यावर आला की पुन्हा पहिल्यापासून.

आमचा प्रकल्प आश्रमशाळांतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा होता. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या तालुक्यांतून गणित आणि विज्ञानाचे शिक्षक आमच्याकडे येत. प्रशिक्षण फार चांगले झाले, हे मी आजही अभिमानाने सांगतो. डांगसौंदाण्याकडच्या एका शिक्षकाने, तो कोणाच्या तरी ओळखीने आलेला होता आणि यादीत बसतही नव्हता, नागलीच्या दाण्यांवर संभाव्यता शिकवण्याची जी रीत दाखवली, ती मी नंतर माझ्या पदव्युत्तर वर्गातही वापरली. पण त्या शिबिरांतले माझ्या हाताला चिकटून राहिले ते काय, तर एसटीची तिकिटे. कंडक्टरच्या यंत्रातून निघणारे ते पातळ, गुळगुळीत कागद. त्यावर शाई नसते, उष्णतेने उमटलेली अक्षरे असतात आणि ती नाशिकच्या एका उन्हाळ्यातसुद्धा टिकत नाहीत. पहिल्या शिबिराची पाकिटे काही महिन्यांनी उघडली, तेव्हा निम्मी तिकिटे कोरी झालेली होती. उजेडाकडे तिरकी धरली तर कुठे ‘पेठ’ तर कुठे नुसता आकड्याचा पोट फुगलेला भाग दिसे. तेव्हापासून भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या लेखा विभागातल्या वरिष्ठ लिपिकांनी, नियमच करून टाकला की शिक्षक दारातून आत आला की आधी तिकीट, मग चहा. तिकिटे कोऱ्या कागदावर ओळीने चिकटवायची, लगेच झेरॉक्स काढायची, झेरॉक्सवर शिक्षकाची सही घ्यायची आणि मूळ कागद तिच्या मागे टाचायचा.

पुढे याच तिकिटांवर लेखापरीक्षणात एक आक्षेप आला. एकाच दिवशी, एकाच गावाहून, एकाच प्रकारच्या गाडीने आलेल्या दोन शिक्षकांच्या भाड्यात जवळपास दुपटीचा फरक कसा, अशी विचारणा होती. उत्तर साधे होते. 17 मार्च 2023 पासून राज्यात महिलांना एसटीच्या भाड्यात 50 टक्के सवलत मिळू लागली आणि त्या दोघांपैकी एक शिक्षिका होती. पण साधे उत्तर लेखी देणे साधे नसते. सवलतीच्या आदेशाची प्रत शोधा, ती साक्षांकित करा, हजेरीपटातून सर्व शिक्षिकांची नावे वेगळी काढा, प्रत्येकीच्या नावासमोर पूर्ण भाडे आणि दिलेले भाडे यांचा तक्ता मांडा, टिपणी लिहा, जावक क्रमांक घ्या. भाऊसाहेब तो तक्ता करत असताना मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होतो. खिडकीबाहेर संध्याकाळची शेवटची घंटा झाली, शिपाई दिवे मालवत मालवत आमच्या दारापर्यंत आला आणि आम्हाला पाहून परत गेला. आक्षेप मान्य होऊन निकाली निघाला. सरकारचा एक रुपयाही वाचला नाही आणि बुडालाही नाही.

हे काम कोणाच्या कार्यभारात धरले जाते? कोणाच्याच नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांनी 14 तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याच विनियमांत 10 लाखांहून अधिक रकमेचा संशोधन प्रकल्प पूर्ण केल्यास 10 गुण आणि त्याहून कमी रकमेच्या प्रकल्पास 5 गुण मिळतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषातही संस्थेला मिळालेले संशोधन अनुदान लाखांत मोजले जाते. म्हणजे पैसा किती आणला हे दोन ठिकाणी मोजले जाते आणि तो सांभाळला कोणी, हे एकाही ठिकाणी विचारले जात नाही. भाऊसाहेबांच्या गोपनीय अहवालात तर असा रकानाच नाही. त्यांच्या नावावर प्रकल्प नसतो, गुण नसतात, बातमीत त्यांचे नाव येण्याचा प्रश्नच नसतो. प्रकल्पाच्या अहवालाच्या शेवटी ऋणनिर्देशात ‘लेखा विभागाचे सहकार्य लाभले’ असे एक वाक्य असते आणि त्या वाक्याला जागा कमी पडली तर सर्वात आधी तेच कापले जाते. संस्थेच्या वाट्याला वरखर्च म्हणून काही रक्कम येते खरी. पण ती वीज, पाणी, इंटरनेट आणि इमारतीची रंगरंगोटी यांतच जिरते. माणसाच्या तासांवर ती खर्च झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

नाशिकमध्ये मार्च महिना तसा देखणा असतो. द्राक्षांचे क्रेट भरलेल्या गाड्या पिंपळगावच्या बाजूने येत-जात असतात, सकाळी हवेत थोडा गारवा असतो आणि होळीनंतर पाचव्या दिवशी जुन्या नाशकात रहाडी उघडतात. शनी चौकात, तिवंध्यात, दिल्ली दरवाजाजवळ जमिनीखालच्या त्या पेशवेकालीन हौदांतला रंग अंगावर घेतल्याशिवाय अस्सल नाशिककराची रंगपंचमी होत नाही. आमच्या भाऊसाहेबांचे घर या रहाडींपासून चार पावलांवर आहे. लहानपणी ते रहाडीत धप्पा मारणाऱ्यांत पुढे असत, असे त्यांचा धाकटा भाऊ सांगतो. मागच्या रंगपंचमीला ते दुपारी कार्यालयात आले तेव्हा कानामागे आणि नखांच्या कडांना रंग तसाच होता. घरच्यांच्या आग्रहाखातर उभ्या उभ्या एक बुडी मारून ते थेट देयकांवर सह्या घ्यायला निघून आले होते. नव्या पद्धतीत कित्येक योजनांचा पैसा संस्थेच्या खात्यात येऊन पडून राहत नाही. खर्चाची मर्यादा मिळते आणि 31 मार्चला न वापरलेली मर्यादा संपुष्टात येते. वर्षाच्या उत्तरार्धात मिळालेली रक्कम मार्चअखेरपर्यंत नियमाने, म्हणजे जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू शोधून, तुलना करून, खरेदी समितीच्या सह्या घेऊन खर्चायची असते. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत 25 हजारांपर्यंतची खरेदी दरपत्रकांशिवाय आणि त्यापुढे अडीच लाखांपर्यंतची तीन सदस्यांच्या समितीमार्फत, अशी मूळ तरतूद होती. समितीचे तीन सदस्य कागदावर जमवणे सोपे असते. रंगपंचमी, परीक्षा आणि लग्नसराई यांच्या मधोमध एका खोलीत बसवणे हे वेगळेच कौशल्य आहे आणि ते कोणत्याही भरतीच्या जाहिरातीत लिहिलेले नसते.

या सगळ्याचा शेवट एका पानात होतो. नमुना 12-अ, म्हणजेच उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात. आरंभीची शिल्लक, मिळालेली रक्कम, व्याज, खर्च, अखेरची शिल्लक आणि खाली वित्त विभागप्रमुख व संस्थाप्रमुख यांच्या सह्या. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. व्याजाचा रकाना दिसायला सर्वात निरुपद्रवी, पण त्रास त्याचाच जास्त. अनुदानाच्या रकमेवर बँकेने दिलेले व्याज संस्थेचे नसते. लेखे अंतिम झाल्यावर ते भारताच्या संचित निधीत परत भरायचे असते. व्याज शेकड्यात असो की लाखात, भारतकोष संकेतस्थळावरची पावती तेवढीच लागते. एकदा बँकेने आमच्या बंद करायच्या खात्यात शेवटच्या तिमाहीचे व्याज नंतर जमा केले. व्याज परत भरले, तर त्या मधल्या दिवसांचे आणखी काही रुपये चढले. भाऊसाहेब म्हणाले, "सर, हे खातं मरायला तयार नाही." अखेर बँकेच्या व्यवस्थापकांसमोर बसून एकाच दिवशी व्याज काढून घेणे, भरणा आणि खाते बंद करणे असे तिन्ही विधी उरकले, तेव्हा कुठे शिल्लक शून्य झाली. ज्या रकमेसाठी हे चालले होते, तिच्यात त्या दिवशी बँकेत बसलेल्या आम्हा सर्वांचा साधा चहाही झाला नसता.

एवढे लिहूनही मी हिशेबाच्या विरुद्ध नाही, हे सांगितले पाहिजे. पैसा लोकांचा आहे आणि तो शिक्षणाच्या नावाने कसा खाल्ला जातो हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. अनुदान आणि तपासणी ही जोडी आपल्याकडे 1854 च्या वुडच्या खलित्यापासून एकत्रच आलेली आहे. शाळेला सरकारी मदत हवी तर तिने सरकारी तपासनीसाला दार उघडले पाहिजे, हे तत्त्व तेव्हाचेच. मला अडचण तपासणीची नाही. तपासणीला सामोरे जाण्याचे श्रम आपोआप होतात, असे सगळेच गृहीत धरतात, ती अडचण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांसाठी मुष्टिफंड सुरू केला, घरोघरची मूठ मूठ धान्याची मदत गोळा केली, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते धान्य कोणी मोजले, कोणत्या घरून किती आले हे कोणी लिहिले, पोत्यांना भुंगा लागू नये म्हणून कोण जागत होते, हे मात्र मला ठाऊक नाही आणि मी ते कधी विचारलेही नव्हते. भाऊसाहेबांच्या शेजारी बसू लागल्यापासून मला असले प्रश्न पडू लागले.

त्यांच्या टेबलाची आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. प्रकल्पांचे हिशेब पाहणारी व्यक्ती आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारी व्यक्ती बहुतेक संस्थांत एकच असते किंवा एका भिंतीच्या आड बसणारी दोन माणसे असतात आणि त्यातला एक रजेवर असतो. विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो आधी संस्थेच्या स्तरावर पडताळला जातो आणि मगच पुढे विभागाकडे जातो. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, समाजकल्याणचे कार्यालय नासर्डी पुलाजवळ, रिक्षाने गाठता येईल इतके जवळ; पण अर्ज जर आमच्याच संगणकात अडकून असेल, तर त्या कार्यालयांची जवळीक काय कामाची? मागच्या मार्चमध्ये सुरगाण्याची एक विद्यार्थिनी लेखा विभागाच्या दारात उभी होती. तिच्या अर्जात उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा लागलेला होता, तो बदलायचा होता. तिच्या हातात नव्या दाखल्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत, चौघडी घालून ठेवलेली. भाऊसाहेबांनी मान वर न करता सांगितले, "ताई, एक तारखेनंतर ये." तिने काही न बोलता मान डोलावली आणि ती गेली. भाऊसाहेब उर्मट नाहीत. मी त्यांना इतक्या वर्षांत कोणाशी चढ्या आवाजात बोलताना ऐकलेले नाही. त्यांच्यासमोर त्या क्षणी माझ्याच प्रकल्पाचे देयक होते. दहा गुण माझे होते आणि थांबायला सांगितले गेले ते तिला.

म्हणून मला त्या तरुण सहकारी प्राध्यापिकेच्या भीतीला आळस म्हणवत नाही. तिला वर्ग घ्यायचे आहेत, घरी लहान मूल आहे आणि काम चोख करणाऱ्याकडेच पुढचे काम येते हा आपल्या कार्यालयांचा अलिखित नियम तिने वेळेवर ओळखलेला आहे. शहरातल्या मोठ्या संस्थेत निदान एक भाऊसाहेब असतात. सुरगाण्यासारख्या ठिकाणी, जिथे प्राचार्य, ग्रंथपाल आणि एक लिपिक मिळून सगळा गाडा ओढतात, तिथला प्राध्यापक प्रस्ताव लिहायला बसतच नाही. आणि न लिहिलेल्या प्रस्तावांची नोंद कुठेच होत नसल्यामुळे, वर बसलेल्यांना वाटते की तिथे कल्पनाच नाहीत. कांदा सडतो तो निफाडला, चांदवडला, येवल्याला. त्याच्यावरचे प्रस्ताव मात्र तिथून येतात, जिथे यूसी भरणारा माणूस पगारावर आहे. माझ्या मते आजच्या व्यवस्थेतला सर्वात मोठा अपव्यय हाच आहे आणि तो कोणत्याही लेखापरीक्षकाला सापडणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिने अखेर प्रस्ताव लिहायला घेतला, तोही एका अटीवर. मनुष्यबळाच्या तक्त्यात प्रकल्प सहायकाच्या खाली तिने एक ओळ घातली: ‘लेखा सहायक, अर्धवेळ, एक’. मी तिला सांगितले की ही ओळ बहुधा कापली जाईल, कारण असे काम संस्थेने स्वतःच्या माणसांकडून करून घ्यावे अशी देणाऱ्यांची अपेक्षा असते. ती म्हणाली, "कापू दे सर. पण कापायला त्यांना ती वाचावी तरी लागेल." मसुदा नेहमीप्रमाणे तपासणीसाठी भाऊसाहेबांकडे गेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, पेन्सिल हातात घेऊन तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. उपकरणांच्या किमतीत जीएसटी धरलेला नव्हता, तो त्यांनी समासात लिहिला. चाळीत बसवायची उपकरणे डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, कशी नोंदवायची, ती शेतकऱ्याच्या जागेत राहणार असतील तर त्याच्याकडून पोच घ्यावी लागेल, अशी टीप जोडली. मग ते त्या नव्या ओळीवर आले आणि बराच वेळ थांबले. मला वाटले, ते हसतील किंवा निदान आपल्यासाठी कोणीतरी काही मागितले म्हणून सुखावतील.

"मॅडम, हे चोवीस महिनेच धरलंय," ते म्हणाले. "प्रकल्प चोवीस महिन्यांचा आहे, माणूस चोवीस महिन्यांचा नाही. शेवटचा हिशेब, यूसी, व्याज, त्यावरचे आक्षेप, हे सगळं प्रकल्प संपल्यावर सुरू होतं. सहा महिने वाढवून धरा."

तिने आकडा खोडून तीस केला. प्रकल्पाची मुदत संपल्यानंतरच्या त्या सहा महिन्यांचे मानधन कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे, यावर आमच्या तिघांचे अजून एकमत झालेले नाही. 36 खाली दाखवले तर मुदतीबाहेरचा खर्च म्हणून तो अमान्य होईल, आणि 31 खाली दाखवले तर वेतन सर्वसाधारण खर्चात का दाखवले, असा आक्षेप येईल. प्रस्ताव पाठवायला अजून थोडा अवधी आहे.